योगवर्गास जाण्यापूर्वी

योगासने आता शाळेच्या पटांगणात, समाजमंदिरात, रुग्णालयाच्या आवारात आणि दूरदर्शनच्या पडद्यावरही शिकवली जातात. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. जून महिना आला की अनेक जण मोठ्या उत्साहाने वर्गात नाव नोंदवतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु दीड-दोन महिन्यांनी त्याच वर्गात डोकावले, तर बऱ्याच सतरंज्या रिकाम्या दिसतात. कुणाच्या कमरेत उसण भरलेली असते, कुणाचा गुडघा दुखावलेला असतो, तर कुणी ‘आपले शरीर वाकतच नाही’ असे म्हणून हिरमुसलेला असतो. काही जण तर याहून गंभीर गोष्ट करतात. पंधरा दिवसांत बरे वाटू लागले, म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करतात.

यांतील बहुतेक गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. योगाभ्यास हा मुळात सौम्य अभ्यास आहे. तो घातक ठरतो तो घाई, चढाओढ आणि लपवाछपवी यांमुळे. म्हणून ज्यांना नव्याने सुरुवात करावयाची आहे, अशा आपल्या बंधुभगिनींसाठी आणि विद्यार्थी मित्रांसाठी काही प्राथमिक गोष्टी येथे देत आहे.

योग म्हणजे केवळ आसने नव्हेत

पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगे सांगितली आहेत : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनाविषयीची सूत्रे अवघी तीन आहेत. आसन स्थिर असावे आणि सुखकारक असावे, एवढीच तेथे अपेक्षा आहे. कोणी किती वाकावे, पाय मानेवर जावा की नाही, याचा तेथे उल्लेखही नाही.

पुढे हठयोगाच्या ग्रंथांत आसनांची संख्या वाढत गेली. ‘हठयोगप्रदीपिका’ या ग्रंथात १५ आसनांचे वर्णन आहे, तर ‘घेरंडसंहिते’त ३२ आसनांचे. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तब्बल २०० आसने दिली. एवढी संख्या पाहून नवशिक्याने दडपून जाण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षी दहा-बारा साधी आसने नीट जमली, तरी ती पुरेशी आहेत.

आज आपण ज्याला ‘योगवर्ग’ म्हणतो, त्याला आकार देण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोवा येथे ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. ती आज सांताक्रूझ येथे आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे क्ष-किरण व दाबमापक यंत्रे वापरून तपासण्यास सुरुवात केली. सूर्यनमस्कारांचा प्रसार औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी व्यायाम म्हणून घरोघरी केला. सांगावयाचे कारण असे की, योग ही काही गूढ विद्या नव्हे. ती सर्वसामान्य माणसाला शिकवता येते, आणि तिचे गुणदोष तपासूनही पाहता येतात.

पहिले काम : आपली प्रकृती सांगणे

वर्गात नाव नोंदवताना शुल्क, वेळ व पत्ता यांची चौकशी आपण करतोच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याला कोणता आजार आहे, कोणती शस्त्रक्रिया झाली आहे आणि कोणती औषधे चालू आहेत, हे शिक्षकास स्पष्टपणे सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही. अनेक जण, विशेषतः वडीलधारी मंडळी, चारचौघांत आजार कसा सांगावा म्हणून गप्प राहतात. सर्वांसमोर सांगावयाचे नसेल तर वर्गाआधी बाजूला घेऊन सांगावे किंवा कागदावर लिहून द्यावे. पुढील गोष्टी तर आवर्जून सांगितल्याच पाहिजेत :

१) उच्च रक्तदाब व हृदयविकार : शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी डोके खाली व पाय वर असणारी आसने, श्वास रोखून धरणे, तसेच जोरजोराचे कपालभाती व भस्त्रिका अशांनी करू नयेत.

२) काचबिंदू व डोळ्यांच्या पडद्याचे विकार : शीर्षासनात डोळ्यांतील दाब सुमारे दुपटीने वाढतो, असे मोजमापांत आढळले आहे. काचबिंदू हा आजार पुष्कळदा काहीही न दुखता वाढत राहतो. म्हणून चाळिशी उलटलेल्यांनी उलटी आसने शिकण्यापूर्वी एकदा डोळे तपासून घ्यावेत.

३) मान व कंबर यांच्या मणक्यांचे विकार : मानेचा स्पॉन्डिलायटिस असणाऱ्याने मानेवर भार येऊ देऊ नये. कमरेची चकती सरकलेल्या व्यक्तीने पुढे वाकण्याची आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाडे ठिसूळ होतात; अशा वेळी पाठ गोल करून खूप पुढे वाकणे धोक्याचे ठरते.

४) हर्निया व पोटाची शस्त्रक्रिया : पोटावर दाब आणणारी धनुरासन, नौकासन, मयूरासन ही आसने व कपालभाती अशांनी वर्ज्य करावी. शस्त्रक्रियेनंतर केव्हा सुरुवात करावी, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

५) गरोदरपण : पालथे झोपून करावयाची आसने, पोटाला पीळ देणारी आसने, श्वास रोखणे व कपालभाती बंद ठेवावे. गर्भवती स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम असतो. तो जाणणाऱ्या शिक्षकाकडेच जावे. मासिक पाळीच्या दिवसांत उलटी आसने न करण्याचा प्रघात बहुतेक वर्गांत आहे. त्या दिवसांत हलका अभ्यास व विश्रांती घ्यावी.

६) मधुमेह : इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी दीर्घ अभ्यास केला, तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. हातपाय थरथरणे, घाम फुटणे व घेरी येणे ही त्याची लक्षणे होत. अशा व्यक्तीने खिशात साखर किंवा गूळ ठेवावा आणि वर्गाची वेळ व औषधाची वेळ यांचा मेळ डॉक्टरांकडून घालून घ्यावा.

ही यादी कुणाला घाबरवण्यासाठी नाही. यांपैकी बहुतेकांना योगाभ्यास करता येतो. मात्र त्यांचा अभ्यास इतरांसारखा नसतो, एवढेच.

औषधे बंद करू नयेत

नियमित अभ्यासाने झोप सुधारते, मन शांत होते आणि काही जणांचा रक्तदाबही थोडाफार उतरतो. परंतु बरे वाटणे आणि बरे होणे यांत फरक आहे. उच्च रक्तदाब पुष्कळदा काही जाणवू न देता शरीरात राहतो. गोळी बंद केल्यावर आठ-पंधरा दिवस काहीच झाले नाही, म्हणजे आजार गेला असे समजू नये. पक्षाघाताचा झटका आधी निरोप धाडून येत नाही. औषध कमी करावयाचे असेल, तर रक्तदाब मोजून, लिहून ठेवून, ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. ‘सर्व गोळ्या फेकून द्या’ असे सांगणारा शिक्षक कितीही नावाजलेला असो, त्याच्या वर्गाला दुरूनच नमस्कार करावा. जी गोष्ट रक्तदाबाची, तीच मधुमेह, फिट्स, दमा आणि मानसिक आजार यांवरील औषधांची.

वर्ग व शिक्षक कसा निवडावा

मोठी जाहिरात व मोठे शुल्क म्हणजे चांगला वर्ग, असे समीकरण नाही. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळासारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे विनामूल्य वर्ग चालवले आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी एक दिवस केवळ बसून वर्ग पाहावा आणि पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. शिक्षक नवागताच्या प्रकृतीची विचारपूस करतात का? ज्याला जमत नाही त्याला सोपा पर्याय देतात का? वर्गात फिरून प्रत्येकाकडे पाहतात, की पुढे बसून केवळ स्वतःची आसने दाखवतात? पाठीवर बसून किंवा पाय ओढून कुणाला जबरदस्तीने वाकवतात का? शेवटी शवासनाला पुरेसा वेळ देतात का? शिक्षकाने कोठे, किती काळ शिक्षण घेतले, हे विनयाने विचारण्यास हरकत नाही. खरा शिक्षक या प्रश्नाने रागावत नाही.

अय्यंगारांचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. बालपणी क्षय, मलेरिया अशा आजारांनी ते खंगलेले होते. १९३७ साली ते पुण्यास आले आणि पुढे तेथेच स्थायिक झाले. ज्यांना आसन जमत नाही त्यांच्यासाठी त्यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, खुर्ची, उशा व घोंगड्या यांचा वापर रूढ केला. हात जमिनीला टेकत नसेल तर ठोकळ्यावर टेकवावा. शरीरावर जुलूम करू नये. आधार घेणे हा कमीपणा नव्हे, ही शिकवण प्रत्येक नवशिक्याने मनात ठेवावी.

पूर्वतयारी

यासाठी फारसा खर्च लागत नाही. एक जाड सतरंजी किंवा घोंगडी, तिच्यावर धुतलेली चादर आणि अंगाला न आवळणारे सुती कपडे एवढे पुरे. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते. उभ्याची आसने करताना ती बाजूला करून अनवाणी उभे राहावे. स्त्रियांना साडीपेक्षा पंजाबी पोशाख सोयीचा पडतो.

पोटभर जेवणानंतर तीन ते चार तास आणि हलक्या न्याहारीनंतर एक ते दीड तास आसने करू नयेत. सकाळी शौचास जाऊन आल्यावरची वेळ उत्तम. मात्र सकाळी शरीर थोडे आखडलेले असते, तर सायंकाळी ते अधिक सहज वाकते. पाळीत काम करणाऱ्यांनी आपल्या सोयीची वेळ ठरवावी. वेळ कोणतीही असो, ती शक्यतो रोज एकच असावी. ताप, जुलाब किंवा खूप थकवा असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी.

वर्गात कसे वागावे : श्वास हीच कसोटी

नवशिक्याची नजर नेहमी शेजाऱ्याकडे असते. त्याची बोटे अंगठ्याला लागली, मग माझी का लागू नयेत, या ईर्षेने तो एक हिसका देतो आणि तेथेच स्नायू दुखावतो. यामागचे कारण समजून घ्यावे. स्नायू एकाएकी ताणला गेला की तो फाटू नये म्हणून शरीर त्यास आपोआप आकसून घेते. म्हणजे आपण एकीकडे ओढत असतो आणि स्नायू दुसरीकडे. तोच ताण सावकाश दिला आणि तेथे शांतपणे थांबले, तर स्नायू हळूहळू सैल होतो. म्हणून आसनात जाताना सावकाश जावे, थांबावे आणि बाहेर येतानाही सावकाश यावे. पुष्कळदा इजा होते ती आसन सोडण्याच्या घाईत.

मग किती वाकावे? याचे उत्तर शिक्षकाच्या आकड्यात किंवा पुस्तकातील चित्रात नाही. ते आपल्या श्वासात आहे. आसनात असताना श्वास नाकातून, आवाज न होता, सहज चालू असेल तर आपण योग्य ठिकाणी आहोत. श्वास अडला, धाप लागली, दात आवळले गेले, कपाळाला आठ्या पडल्या, की समजावे आपण मर्यादा ओलांडली. तेथून दोन बोटे मागे यावे. ताण आणि वेदना यांतला फरकही ओळखावा. मांडीच्या मागे पसरलेला, सहन होणारा ओढा हा ताण होय. सांध्यात सुई टोचल्यासारखे होणे, पायात कळ जाणे किंवा मुंग्या येणे ही वेदना होय. वेदना हा शरीराचा नकार आहे. तो ऐकावा.

गुडघ्याची विशेष काळजी घ्यावी. गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा उघडमीट करणारा सांधा आहे. गोल फिरण्याचे काम खुब्याचे आहे. पद्मासनात खुबा पुरेसा फिरत नसताना पाय ओढून मांडीवर चढवला, तर तो पीळ गुडघ्यावर पडतो. म्हणून महिनोन्महिने साधी मांडी घालून बसावे, बुडाखाली चादरीची घडी घ्यावी. वज्रासनातही दुखत असेल तर पोटरी व मांडी यांच्यामध्ये उशी ठेवावी. पद्मासन आले नाही म्हणून काही अडत नाही.

पहिल्या महिन्यासाठी ताडासन, वृक्षासन (भिंतीच्या आधाराने), वज्रासन, भुजंगासन, अर्धशलभासन, पवनमुक्तासन, उत्थित एकपादासन, मकरासन आणि शवासन एवढी आसने पुरतात. यांतही मानेचा, कमरेचा, गुडघ्याचा किंवा पोटाचा विकार असणाऱ्याने, तसेच गर्भवती स्त्रियांनी, आपल्याला योग्य तेवढीच शिक्षकास विचारून निवडावीत. शीर्षासन पहिल्या वर्षी नकोच. शवासन मात्र ‘आता संपले’ म्हणून टाळू नये. केलेल्या अभ्यासाचा परिणाम शरीरात मुरण्याची ती वेळ असते.

प्राणायामाची घाई नको

आसनांत काहीशी स्थिरता आल्यावरच प्राणायामाकडे वळावे. श्वास अविचाराने ताणल्यास रोग उद्भवतात, असा इशारा जुन्या हठयोग ग्रंथांनीच देऊन ठेवला आहे. कपालभाती ही तर मूळ ग्रंथांत प्राणायामात नव्हे, शुद्धिक्रियांत मोडते. ती शेकड्यांनी मोजून करण्याची स्पर्धा नवशिक्याने लावू नये. भोवळ आली, कानात आवाज येऊ लागला, बोटे बधिर झाली, तर लगेच थांबून नेहमीचा श्वास घ्यावा.

सुरुवातीला साधा दीर्घश्वसनाचा अभ्यास पुरेसा आहे. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते व सोडताना मंदावते. मनगटावर बोटे ठेवून हे अनेकांना स्वतः पडताळता येईल. म्हणूनच सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा थोडा अधिक ठेवला, की मन निवू लागते. चार अंक मोजून घेणे आणि सहा अंक मोजून सोडणे, मध्ये न रोखणे, असे पाच मिनिटे करावे.

आपल्यापैकी अनेकांनी इगतपुरीच्या धम्मगिरीवर किंवा अन्यत्र विपश्यनेचे शिबिर केले असेल. त्यांचा येथे गोंधळ होण्याचा संभव आहे. प्राणायामात श्वासाला वळण लावले जाते. आनापानात श्वास आहे तसा केवळ पाहिला जातो. दोन्ही अभ्यास वेगळे आहेत. एका बैठकीत त्यांची सरमिसळ करू नये. शिबिराच्या दहा दिवसांत योगासने बंद ठेवावी लागतात, हा तेथील नियम आहे. मात्र शिबिराआधीच्या काळात कंबर व खुबे यांची आसने नियमित केली, तर दीर्घ काळ बसणे अनेकांना सोपे जाते.

काही वर्गांची सुरुवात ओंकाराने किंवा प्रार्थनेने होते. ज्यांना ती म्हणावयाची नसेल, त्यांनी तसे शिक्षकास नम्रपणे सांगून मौन बसावे. पाठीचा कणा किंवा फुप्फुसे माणसाची श्रद्धा विचारत नाहीत. प्रार्थना म्हटली नाही म्हणून आसनाचा गुण कमी होत नाही. आणि तेवढ्यासाठी वर्ग सोडण्याचेही कारण नाही.

श्रमिक, गृहिणी आणि विद्यार्थी

‘दिवसभर ओझे वाहणाऱ्याला योगाची काय गरज?’ असा प्रश्न विचारला जातो. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रमात तेच ते स्नायू त्याच त्या पद्धतीने वापरले जातात. दिवसभर वाकून झाडणाऱ्या किंवा माल उचलणाऱ्या माणसाला आणखी घाम गाळण्याची आवश्यकता नसते. त्याला आखडलेली पाठ मोकळी करणारे मकरासन, पवनमुक्तासन आणि पंधरा मिनिटांचे शवासन अधिक उपकारक ठरते.

घरातील स्त्री सर्वांत आधी उठते आणि सर्वांत शेवटी निजते. तिला ‘तूही योग कर’ असे सांगणे सोपे आहे. पण तो अर्धा तास तिला मिळणार कोठून? घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी सकाळचे पाणी भरणे, चहा करणे एवढे जरी अंगावर घेतले, तरी तो अर्धा तास निघतो. घरात योग यावा असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात सतरंजीवर नव्हे, स्वयंपाकघरात होते.

विद्यार्थी मित्रांनी हे लक्षात घ्यावे की, अभ्यासाच्या टेबलावर व मोबाईलवर तासन्‌तास मान वाकवल्याने मान व खांदे अवघडतात. दर तासाने उठून दोन मिनिटे ताडासन करावे आणि खांदे मागे फिरवावेत. परीक्षेच्या काळात वीस मिनिटांचा अभ्यास पुरे. परंतु तो बंद करू नये. आसनांनी गुण वाढतात असा दावा येथे करावयाचा नाही; मात्र शांत झोप आणि ताठ पाठ यांचा उपयोग कोणत्याही अभ्यासाला होतो.

सातत्य

आठवड्यातून एकदा दोन तास घाम गाळण्यापेक्षा रोज वीस मिनिटे केलेला अभ्यास केव्हाही श्रेष्ठ. जागा म्हणाल तर सहा फूट लांब व अडीच फूट रुंद एवढी पुरते. एका खोलीच्या घरातही ती मिळते. एका वहीत रोजची तारीख, केलेली आसने आणि त्या दिवशीची झोप यांची नोंद ठेवावी. पहिल्या महिन्यात शरीर फारसे वाकले नाही तरी चालेल. श्वास शांत झाला, झोप सुधारली, चिडचिड थोडी कमी झाली, तर अभ्यास योग्य मार्गाने चालला आहे असे समजावे. एखाद्या आठवड्यात खंड पडला तर खेद न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा सतरंजी अंथरावी.

सारांश, नवीन साधकाने आपली प्रकृती लपवू नये, औषध आपल्या मनाने सोडू नये, शेजाऱ्याशी चढाओढ करू नये आणि श्वास अडला की थांबावे. एवढे पथ्य पाळणाऱ्यास वयाची, जाडीची किंवा शिक्षणाची अट नाही. आपल्या वस्तीतील समाजमंदिरात असा वर्ग चालत असेल तर त्यात जरूर सामील व्हावे. नसेल तर दहा-बारा जणांनी एकत्र येऊन जाणकार शिक्षकास बोलवावे. मात्र पहिल्याच दिवशी, आसनांना सुरुवात करण्यापूर्वी, प्रत्येकाची प्रकृती विचारून तिची नोंद करून ठेवावी.